धोंडुबाईंनी धुतलेलं फडकं

उचगावच्या त्या शाळेत प्रियदर्शनीला एकच नियम होता: फाटकाच्या आत ‘बाई’, बाहेर पडलं की ‘आई’. चौथीच्या संयोगिताबाई तिची सख्खी आई, आणि वर्गात लाड नकोत म्हणून नियमही त्यांचाच. पोरगी इतकी पक्की, की पाऊल फाटकाबाहेर पडायचा अवकाश, लगेच “आई, भूक लागली!”

शाळेसमोर ओतकामाचा कारखाना होता. धूर दिवसभर वर्गात मुक्कामाला. असल्या हवेनं वाढत्या पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो, हे बाईंनी वाचलं होतं. तक्रारीला पुरावा हवा, म्हणून सोमवारी त्यांनी वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर ओलं पांढरं फडकं बांधलं.

संध्याकाळी काजळी बसली होती, पण ओळींनी. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. अक्षर पोरासोरांचं. तिथवर हात पोचेल असा वर्गात एकही नग नव्हता. बाईंनी फोटो काढला, फडकं खळखळून धुतलं आणि परत बांधलं.

मंगळवारी चाळीस पोरं सतराच्या पाढ्यावर अडली. आदल्या दिवशी ह्याच पोरांनी तो म्हणताना छप्पर डोक्यावर घेतलं होतं.

“सतराचा बी पाढा असतोय व्हय, बाई?” सम्राटनं विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

त्या संध्याकाळी फडक्यावर तालुके उमटले होते. पन्हाळा, कागल, चंदगड. असलं काही नसतं, असं स्वतःला बजावत बाईंनी तेही धुऊन परत बांधलं. बुधवारी नकाशासमोर चाळीस कोरे चेहरे उभे राहिले. आता फडकं धुवायचं नाही, एवढंच बाईंना कळलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी ते खिडकीतून ओढून घेतलं.

दोनच अक्षरं होती. आई.

‘ई’ची शेपटी खाली लांब ओढलेली. त्या शेपटीवरून त्या लेकीला कितीदा रागावल्या होत्या! फडकं टेबलावर ठेवून त्या धावत मैदानात गेल्या. प्रियदर्शनी लंगडी खेळत होती. तिचा हात धरून त्या वर आल्या.

टेबल रिकामं होतं. दारात शाळेच्या शिपाई धोंडुबाई बादली पालथी घालत होत्या.

“लई काळं झालतं ओ बाई. सोडा घालून धुतलं की.”

“आणि पाणी?”

“गटारीत वतलं. का ओ?”

लेकीचा हात घट्ट धरून बाई जिना उतरल्या, मैदान ओलांडलं, फाटकाबाहेर आल्या. थांबल्या. वाट पाहिली.

प्रियदर्शनीनं हळूच हात सोडवून घेतला.

“बाई, तुम्ही जावा की,” ती फाटकाला टेकून म्हणाली. “मला न्यायला घरातनं कोणतरी येईल.”