फ्लॅश न मारलेला फोटो

डबा संपव आधी, स्वप्ना. खाता खाता ऐकण्यातली गोष्ट नाही ही.

संपला? बरं. तू विचारलंस, फ्लॅश मारला की फोटो शार्प येतो का. येतो. अंधारात बिनफ्लॅशचा काढायला गेलीस तर कॅमेरा फोटो घ्यायला वेळ लावतो, आणि तेवढ्यात हात जरा हलला की सगळं फरकटतं. म्हणून विम्याच्या सर्व्हेला नव्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, फ्लॅश चालू ठेवा. खरं कारण मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही.

दोन हजार सहाचा मे. मला जयपूरला बदलून येऊन वर्ष झालं होतं. विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियातल्या एका कोल्ड स्टोरेजचा क्लेम आला. कूलिंग बंद पडलं होतं, बारा दिवसांत आतला सगळा बटाटा सडला होता. जायचं, बघायचं, ऑफिसच्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचे. साधं काम.

गेटबाहेर एक बाई बसली होती. धापू नाव, जवळच्या चाकसू गावाकडची. नवरा हरसहाय तिथं हमाल होता आणि दहा दिवस घरी आला नव्हता. मला बघून ती उठली. "मैडमजी, अंदर जा रही हो तो देख लेना. मुझे घुसने नहीं देते."

मॅनेजर गुटख्याची पिचकारी टाकून हसला. "भाग गया होगा. इसका रोज़ का नाटक है." हनुवटीवर ओघळलेली लाल लाळ त्यानं बोटांनी पुसली, आणि त्याच बोटांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे धरला. शी! मेल्याला लाज नाही. मी ग्लासाला हातसुद्धा लावला नाही.

मग त्यानं कोठीचं दार उघडलं. घरात एक बटाटा सडला तरी आपण नाक मुरडतो, इथं हजारो पोती. तो वास जिभेवर बसला, बाई. पदराचा बोळा नाकात कोंबून मी दोन पावलं आत गेले. आत मिट्ट काळोख. कुठंतरी टप... टप... गळत होतं. चपलेखाली बुळबुळीत काहीतरी फसकन दबलं.

मी फ्लॅश मारला. स्क्रीनवर फोटो आला, काचेसारखा स्वच्छ. फुटलेली पोती, त्यातून वाहणारा काळा रस, त्यावरचा पांढरा फेस, आणि फेसात वळवळणाऱ्या अळ्या. एकेक मोजून घ्यावी इतकी शार्प! इतकं स्पष्ट मला बघायचंच नव्हतं. मी फ्लॅश बंद केला आणि तसाच दुसरा फोटो काढला. काढताना हात हलला. चांगला हिसका बसल्यासारखा हलला. मला वाटलं, किळसेनं.

मॅनेजर दारातूनच म्हणाला, "बस, हो गया न?"

मागची पोती छतापर्यंत रचलेली होती, काही ढासळलेलीही. तिकडे जाऊन बघायला हवं होतं, मी गेले नाही. बाहेर येऊन भिंतीपाशी ओकले. तोंड पुसते तोवर धापू समोर. "मिला?"

"कोई नहीं है अंदर," मी म्हणाले. न बघता म्हणाले गं! त्या बाईच्या तोंडावर खोटं बोलले, आणि ती मान हलवून परत गेटपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या आपल्या उमाकांतनं फोटो कॉम्प्युटरवर घेतले. त्याला फोटोग्राफीचं वेड. पहिल्या फोटोत बटाट्यांशिवाय काहीच नव्हतं. दुसरा फरकटलेला, पोती, भिंती सगळं पुसल्यासारखं. पण माझ्यापासून हातभर अंतरावर, दोन पोत्यांच्या फटीतून, मनगटापासून पुढे आलेले दोन तळवे. ते मात्र शार्प. नखांतली काळी घाणसुद्धा दिसत होती.

उमाकांतनं तो फोटो मोठा करून बघितला.

"लताताई, तुमचा हात हलला, म्हणून सगळं फरकटलं. मग हे का नाही फरकटलं?"

"तूच सांग."

"मतलब... हे तुमच्या हाताबरोबर हललं. जेवढा तुमचा हात, तेवढंच. धरून ठेवल्यासारखं..." त्यानं खुर्ची मागे सरकवली. "तुमचा हात यांनीच हलवला असेल."

मी उठले ती सरळ पोलीस चौकीत. त्याच दुपारी ढीग उपसला. हरसहाय सापडला, पण दारापाशी नाही. अगदी मागच्या भिंतीला, दीड-दोनशे पोत्यांखाली. बाहेर काढलं तेव्हा ओळखण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. काय काढलं, ते नाही सांगत.

म्हणून धापूला तो फोटो दाखवला. एका तळव्याची करंगळी अर्धी होती. तिनं तिथं बोट ठेवलं. "कुट्टी की मशीन में कटी थी. यही हैं." आणि ओढणी तोंडात धरून रडली. माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग रडता रडता थांबली. बोट दुसऱ्या तळव्यावर गेलं. "और ये किसका है?"

"उन्हीं का. दूसरा हाथ."

"मैडमजी... दोनों दाएँ हैं."

मी बघितलं. दोन्ही अंगठे एकाच बाजूला.

या वेळी मी नाक दाबलं नाही. शेवटचं पोतं बाहेर पडेपर्यंत चार दिवस त्या चिखलात उभी राहिले. दुसरं कुणी सापडलं नाही. आणखी कुणी हरवल्याची तक्रारही नव्हती. कोठी धुतली, फिनाईल टाकलं. रिकाम्या कोठीचा मी एकटीनं एक फोटो काढला, फ्लॅश न मारता, कॅमेरा दाराच्या चौकटीवर घट्ट टेकवून. माझा हात तसूभरही हलला नाही.

फोटोत भिंत शार्प आली, फरशी शार्प आली, मोरीची जाळी शार्प आली. जाळीतून वर आलेला हात तेवढा फरकटलेला होता. आपण लांबच्या माणसाला 'ये, ये' म्हणून बोलावतो ना, तेव्हा हलतो तसा.