वाळवीची शिरगणती

वाळवी मोजणं हे काही भल्या माणसाचं काम नव्हे, पण मला त्यावर डॉक्टर व्हायचं होतं. १९७८ सालचा मार्च. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की डाव्या हाताला एक देवराई होती. भर दुपारीही आत बॅटरी लागावी इतकी दाट. अशा ओलसर जंगलात जमिनीखाली वाळवी किती आणि तिचं वजन किती, हा माझा विषय. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर खोल असे वीस चौकोन खणायचे, माती चाळायची, किडे वेचून मोजायचे, तोलायचे, स्पिरिटच्या नळीत भरून वर मेण लावायचं. एप्रिलअखेर अहवाल गेला नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि महाडात मास्तरकीची ठरलेली जागाही गेली.

मजुरीला जवळच्या वाडीतली दोघं घेतली होती. गोमाजी खणायचा. राहीबाई वेचायची, शंभर किडे झाले की एक चिंचोका बाजूला ठेवायची. पहिल्या चौकोनात तेवीस चिंचोके आणि वर सोळा किडे. २,३१६. वजन पावणेसहा ग्रॅम.

दुसऱ्या चौकोनात २,३१६.

"राहीबाई, कालचाच आकडा सांगताय काय?"

"मंग तुमीच मोजा ना. डोळं तरणं हायत तुमचं."

मोजले. २,३१६.

ओढ्याकाठी खणलं, कातळाच्या उतारावर खणलं, कुजक्या ओंडक्याखाली खणलं. नवव्या चौकोनाच्या वेळी वैतागून मी बाहेरचे चाळीस किडे गुपचूप चाळणीत सोडले. तरी तेच. सरकारला माणसांची शिरगणती एकदा धड जमत नाही, आणि इथे बारा वेळा एकाचाही फरक नाही.

बाराही आकडे कळवले, तर पुण्याहून माझे मार्गदर्शक डॉ. आपटीकर यांचं पत्र आलं : "आकडे मनानेच लिहायचे होते, तर इतक्या लांब जाण्याचे कष्ट कशाला घेतलेत? निदान वेगवेगळे तरी लिहायचे."

खरे आकडे लिहून मी लबाड ठरलो होतो. मग पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बसलो, दोन कप चहा घेतला आणि पुढच्या सात चौकोनांचे आकडे मनाने लिहिले. ४११. १,९०७. ३,०५०. अगदीच बनावट वाटू नये म्हणून सोळाव्याला शून्य. कागद टपालात टाकला.

उलट टपाली उत्तर : "आता कसं शास्त्र वाटतं! विसावा आकडा आणि सगळ्या नळ्या धाडा."

नळ्या भरायच्या तर खणणं आलंच. लागतील तेवढे किडे ठेवायचे, बाकीचे फेकायचे, असा माझा बेत होता.

तेराव्या चौकोनात ४११ निघाले. फेकायला एकही नव्हता.

चौदाव्यात १,९०७. पंधराव्यात ३,०५०. कागदाबद्दल मी कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

सोळाव्यात काहीच नाही. गांडूळ नाही, मुंगी नाही, झाडाची मुळीसुद्धा नाही. माती दळलेल्या पिठासारखी.

राहीबाईने चाळणी खाली ठेवली. "ह्ये बरं नाय, सायेब. तुमी काय मागताव त्यांच्याकडं?"

"मागत नाही. नुसतं लिहितो."

"मंग लिवू नका."

गोमाजी फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाला, "इमानी हायत बिचारी. माणसं नाय एवडी ऐकत."

एकोणिसावाही तंतोतंत जुळला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. अहवालाला आकडा हवा होता, आणि मला एकदा तरी ही जमीन खोटी पडायला हवी होती. पोलादपूरच्या पोस्टात जाऊन डॉक्टरांना तार केली : विसावा, साडेतीन.

"साडेतीन काय?" तारबाबूंनी विचारलं.

"किडे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसावा चौकोन खणला. माती तीनदा चाळली.

एक. दोन. तीन.

राहीबाईने चिमट्यात चौथा धरला, आणि हात अंगापासून लांब नेला.

डोकं होतं. सहाही पाय होते. पोट नव्हतं. तुटलेलं नव्हतं, किडा तिथेच संपत होता, गुळगुळीत.

तिने तो तळहातावर ठेवला. तो चालू लागला.

"ह्याला काय धरू, सायेब?"

"अर्धा."

चौकडीला स्पिरिटात टाकून मी स्वतः बुचावर मेण ओतलं आणि नळ्या घेऊन पुणं गाठलं.

डॉ. आपटीकरांनी अहवाल चाळला, खूश झाले. शेवटच्या ओळीवर थबकले.

"साडेतीन? तुमच्या तारबाबूंची कमाल आहे, आणि तुम्ही तेच इथे उतरवलंत!" त्यांनी पेन्सिलने खोडून तिथे चार केलं.

"सर, नको..."

"अहो, अर्धा किडा असतो का कुठे?" असं म्हणून त्यांनी खाली सही ठोकली. माझी डॉक्टरकी पक्की झाली.

विसावी नळी त्यांच्या टेबलावरच होती. मी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मेण शाबूत होतं. आत चार किडे. तिघे स्पिरिटात पडून पिवळट झालेले. चौथ्याचं डोकंही पिवळट. पोट मात्र पांढरंशुभ्र, कोवळं होतं.

आणि ते हलत होतं.