गोंद सुकेपर्यंत

शपथेवर सांगते, यातलं काहीही माझ्या मनाचं नाही.

इथे सगळे रात्रीच्या गोष्टी लिहितात. सुनसान रस्ता, पडकं घर, काळोख. आमच्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी झालं. मागच्या उन्हाळ्यात, आमच्याच अंगणातल्या शेडमध्ये.

आमचे हे जुन्या गाड्या दुरुस्त करतात. पत्रा, वेल्डिंग, इंजिन हे बघतात. सीटची कव्हरं, आतलं अस्तर आणि दारांची रबरं माझ्याकडे. आमची सगळी भांडणं त्या शेडमध्येच होतात. घरात भांडायला वेळच मिळत नाही.

तर एक दिवस फोटोवाले काका त्यांची व्हॅन घेऊन आले.

काकांना आमच्याकडे सगळेच ओळखतात. शाळेतले वर्गाचे फोटो, लग्नं, बारशी, सगळं त्यांनीच काढलेलं. त्यांची व्हॅन म्हणजे गोल नाकाची, खाली हिरवी, वर साय रंगाची. मागचा सगळा भाग म्हणजे डार्करूम. तिथे बसून काकू फिल्म धुवायच्या. फोटो काकांच्या नावाचे, पण अंधारातलं सगळं काम काकूंचं. काकू जाऊन खूप वर्षं झाली होती. गाडीतच गेल्या, एवढंच ऐकलं होतं.

"बाजूचं सरकतं दार बंद राहत नाही," काका म्हणाले. "लावलं की उघडतं."

"किती उघडतं?" ह्यांनी विचारलं.

काकांनी चार बोटं धरून दाखवली.

"एवढंच. रोज एवढंच. कितीतरी मेकॅनिक झाले. तुम्ही ते असं घट्ट करा मिस्त्री, की आत उजेडाचा कण जाता कामा नये."

मी गमतीने म्हटलं, "आता कसली फिल्म धुताय काका? आता तर फोनवरच सगळं."

ते हसले नाहीत.

गाडी सोडून निघताना ते मागून वळसा घालून गेले. दाराच्या बाजूने नाही गेले. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी दार उतरवलं. खालची पट्टी, ज्यावरून दार सरकतं, ती गंजून पापड झाली होती. चाकं झिजली होती. "हे बघ तुझं भूत," हे मला म्हणाले. मी काही भुताबिताचं बोललेच नव्हते, पण टोमणा मारायचा तर मारायचा.

नवी पट्टी, नवी चाकं, नवी कडी. दार असं झालं, की एका बोटाने सरकावं.

हे खूश. रात्री दार लावून आम्ही शेडला कुलूप घातलं.

सकाळी बघते तर...

चार बोटं उघडं.

"जमीन उताराची असेल," हे म्हणाले. लेव्हलची नळी लावून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये. मग कडी काढून परत बसवली, खटकन लागेल अशी. संध्याकाळी हात धुवून वळलो तर पुन्हा तेच. आवाज नाही, काही नाही.

मी जुनं रबर काढायला घेतलं. वाळून दगड झालं होतं. पण दाराच्या पुढच्या कडेला, एका ठिकाणी, ते मऊ होतं. दाबून दाबून चपटं झालेलं. आत स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात जिथे पोचेल, तिथे.

एका शेजारी एक, चार खळगे.

"उंदीर," हे म्हणाले.

"उंदीर बोटांनी रबर दाबतात?"

"तू आधी ते रबर काढ गं बाई."

काढलं. फेकून दिलं. फेकायला नको होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं रबर लावायला घेतलं. त्या कामाचा मला अभिमान आहे, खरं सांगते. कोपऱ्यात कापायचं कसं, ताणायचं किती, सगळं हाताला माहीत आहे. दाराच्या चौकटीला गोल रबर, आतून वर मखमली पट्टी, जोडावर सिलिकॉन. गोंद धरेपर्यंत दार दाबून ठेवावं लागतं. त्यासाठी आम्ही बाहेरून जाड पट्टा आवळतो.

"तू आत बस," हे म्हणाले. "मी दार लावतो. कुठून उजेड येतोय का बघ. गोंदाने जरा धरलं, की लगेच उघडतो."

मी "बरं" म्हटलं. हे पट्टा आणायला गाडीमागे गेले.

तेवढ्यात घरात फोन वाजला. माझ्या बहिणीचा असणार, तिची ती वेळच असते. मी तशीच घरात गेले. ह्यांना सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीत काय सांगायचं?

यापुढचं मला ह्यांनी सांगितलं. एकदाच सांगितलं.

हे पट्टा घेऊन आले. दार अर्धं उघडं होतं, आत अंधार. ह्यांनी विचारलं, "बसलीस का?"

आतून आवाज आला...

"हं."

ह्यांनी दार सरकवून लावलं. पट्टा आवळला.

"उजेड दिसतोय का?"

"नाही."

हे खूश झाले. गाडीच्या पुढे जाऊन दिव्याची वायर बघत बसले. थोडा वेळ गेला.

"अहो..."

"थांब गं. गोंद ओला आहे."

"अहो... ऐका ना..."

"जरा थांब म्हटलं ना! आत्ता उघडलं तर सगळी मेहनत वाया जाईल."

मग आतून हात आपटल्याचा आवाज आला. तळहाताचा. धप्... धप्...

ह्यांचं डोकं फिरलं. गरमी होती, वायर सापडत नव्हती. हे ओरडले, "गप्प बस ना तिथे! मरत नाहीस एवढ्यात!"

आणि मी घरातून शेडमध्ये आले. हातात ह्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग परत माझ्याकडे. माणसाच्या चेहऱ्यावरून रंग उतरतो म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"तू... तू आत होतीस ना?"

"नाही. बहिणीचा फोन होता."

धप्...

तांब्या हातातून सुटला. पाणी माझ्या पायावर पडलं, तेही मला नंतर कळलं.

"मांजर असेल," मी म्हटलं.

"मांजर 'अहो' म्हणतं?"

हे एकदम पुढे झाले. पट्ट्याच्या कडीला हात घातला. आणि मी...

मी ह्यांचं मनगट धरलं.

"उघडू नका."

"अगं, कोणीतरी आहे आत!"

"म्हणूनच उघडू नका!"

हे माझे शब्द. मी एवढी घाबरले होते, की मला फक्त ते दार बंद राहायला हवं होतं. मीच लावलेलं रबर. मीच भरलेलं सिलिकॉन. त्या क्षणी मला वाटलं, बरं झालं, काम घट्ट झालंय.

आतून आता आपटणं थांबलं होतं. दुसराच आवाज येत होता. दाराच्या कडेकडेने, खालून वर, काहीतरी सरकत होतं. नखं म्हणा, बोटं म्हणा. कोणीतरी फट शोधत होतं. वरपर्यंत गेलं. परत खाली आलं. परत वर...

फट नव्हती. मी ठेवलीच नव्हती.

हे रडवेले झाले होते. "सोड," म्हणाले. मी सोडलं नाही. ह्यांनी मनात आणलं असतं तर झटक्यात हात सोडवला असता. तेही नाही केलं त्यांनी.

आवाज हळू झाला. मधेमधे थांबायला लागला.

अगदी हळू, रबराला तोंड लावून बोलल्यासारखं...

"अहो..."

मग काही नाही.

शेजारची पाण्याची मोटर चालू होती, तीही त्याच वेळी बंद झाली. आम्ही दोघं तिथेच उभे. बाहेर ऊन, रस्त्यावर कोणाची तरी सायकल गेली, कोणीतरी हसलं. आम्हाला हलताही येईना.

रात्रभर आम्ही शेडकडे फिरकलो नाही.

सकाळी ह्यांनी पट्टा सोडला. दार बंदच राहिलं. पहिल्यांदाच. आम्ही वाट बघितली. चार बोटं काय, केसभरही हललं नाही.

मग ह्यांनी ते उघडलं.

आत कोणी नव्हतं. पण दाराच्या कडेच्या रेषेत, आतल्या पत्र्यावर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, वाफ धरली होती. ओली, ताजी. एका जागी थोडी, तिच्या जरा वर थोडी, मग आणखी वर. हवा कुठून येते का ते शोधत कोणी ओठ फिरवले असावेत तशी.

मी फडक्याने पुसली. का पुसली कोण जाणे. गिऱ्हाइकाला गाडी स्वच्छ द्यायची सवय.

दुपारी काका आले. आम्ही त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. ते दारासमोर उभे राहिले. मग विचारलं,

"थांबलं?"

"हो," हे म्हणाले.

काकांनी मान हलवली.

"तेव्हाही असंच थांबलं होतं. हळूहळू."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"दम्याचा त्रास होता तिला," काका म्हणाले. "आत बसली की थोड्या वेळाने हाक मारायची. रोजचंच होतं ते. मग मी दार जरासं उघडायचो, तिला बरं वाटायचं. त्या दिवशी आत एका लग्नाची सगळी फिल्म होती. उजेड गेला असता तर सगळं काळं झालं असतं. लग्न काय परत लागतं का? मी म्हटलं, थांब जरा."

त्यांचं बोट नव्या रबरावरून फिरलं.

"थांबली."

मला त्यांचा राग यायला हवा होता. मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

"दार उघडं दिसलं की वाटायचं, अजून वाट बघतेय," ते म्हणाले. "आता जरा झोप लागेल." त्यांनी दारावर हात ठेवला आणि गाडी घेऊन गेले.

मला मात्र झोप लागेना. हे रात्री उठून शेडमध्ये जाऊन बसायचे. शेवटी मीच म्हटलं, "चला. ते रबर काढून टाकू. काकांना सांगू, माल खराब निघाला."

आम्ही काकांच्या घरी गेलो. व्हॅन त्यांच्या अंगणात उभी होती. काका दाराजवळ खुर्ची टाकून बसलेले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. एवढा टापटिपीचा माणूस, ओळखूच आला नाही.

"काका, रबर बदलायचंय," मी म्हटलं.

"बदल ना ताई. दार उघडून दाखव फक्त."

ह्यांनी दार ओढलं. हललं नाही. कडी मोकळी होती. चाकं आम्हीच बसवलेली, एका बोटाने सरकणारी. ह्यांनी पाय टेकवून, दोन्ही हातांनी ओढलं. मीही ओढायला लागले. काही उपयोग नाही.

पण ते अडकलेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. अडकलेलं दार वेगळं लागतं हाताला. दोघांनी जोर लावला, की हे केसभर यायचं आणि परत मागे जायचं...

आतून कोणीतरी धरलं होतं.

मी सुरी काढली आणि बाहेरून जेवढं रबर हाताला लागलं तेवढं कापून काढलं. कडेने फट पडली, उजेड आत गेला असेल. मी फटीला तोंड लावून म्हटलं, "काकू, चुकलं आमचं. उघडा."

दार उघडलं नाही. पण आत कोणीतरी अगदी जवळ होतं. श्वास ऐकू येत होता. शांत, एका लयीत. दमा नसलेल्या माणसाचा.

"राहू दे," मागून काका म्हणाले. "ती आता नाही उघडायची. मी रोज हाक मारतो."

आम्ही परत आलो. व्हॅन अजून तिथेच आहे. काका पावसातही छत्री घेऊन दाराजवळ बसतात, असं लोक सांगतात. लोकांना वाटतं, म्हातारपण.

आम्ही सरकत्या दारांची कामं घेणं सोडलं. ह्या विषयावर घरात बोलणं नाही. फक्त एकदा, जेवताना, हे एकदम म्हणाले,

"तू खरंच आत असतीस, तर मी उघडलं असतं. वेळेत. तुला माहीत आहे ना?"

ह्यांचा घास हातातच होता. डोळे माझ्यावर.

मी "हो" म्हटलं.

पण म्हणायला मला जरा वेळ लागला. आणि तेवढ्या वेळात ह्यांनी मान खाली घातली होती.