निळीच्या वाफ्यातला भात

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

गेल्या मार्चमधला मंगळवार. दुपारचे तीन. इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळचा एका साहेबाचा जुना बंगला. आणि तिकडेच मुलाकडे राहणारी माझी धाकटी बहीण, रेखा.

बंगल्याचं आता म्युझियम झालंय. रेखाची सून ऋजुता तिथे कामाला. इंग्रजांच्या काळात या साहेबाची बंगालात निळीची कोठी, म्हणजे कारखाना होता. शेतकऱ्यांना भाताच्या रानात जबरदस्तीनं नीळ पेरायला लावायचा. एका वर्षी त्यांनी सगळं बी त्याच्या दारात ओतलं. पेरणार नाही, म्हणाले. त्यांना गोदामात कोंडलं.

पुढचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता प्रदर्शनासाठी तिथल्या ग्लासहाऊसमध्ये नीळ उगवायची होती. ऋजुतानं दोनदा पेरली. दोन्ही वेळा सकाळी बी दारात... नीट ढीग घालून.

"तुम्ही पेरता की कबुतरांना जेवू घालता गं?" रेखा हसली.

"चेष्टा नका करू, आई. दाराला लॉक असतं. आता उगवली नाही तर माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मग व्हिसाही गेला."

म्हणून रेखा स्वतः गेली. तिचा जन्म शेतात गेलेला. पेरणीआधी जमिनीला मूठभर तांदूळ वाहायचे, ही आमच्या घरची रीत. तिनं पिशवीतले तांदूळ वाफ्यात वाहिले. मग निळीचं बी मुठीत घेऊन वाकली, तर...

कुणीतरी तिचं मनगट धरलं.

जोरानं नाही. विनवणी केल्यासारखं.

ऋजुता पाणी आणायला बाहेर गेलेली. आत कुणीच नव्हतं. कोपऱ्यातल्या कोरड्या हौदात, नीळ काढताना बडवायचे तसा पाणी बडवल्याचा आवाज... थप्... थप्...

मग तोही थांबला.

रेखा बी न पेरताच घरी आली. मनगटावर चार निळी बोटं. साबणानं गेली नाहीत.

आठ दिवसांनी म्युझियममधून ऋजुताचा फोन आला. "आई, वाफ्यात भात उगवलाय."

दुकानातला पॉलिशचा तांदूळ. तो कधी उगवतो का?

"राहू दे गं तो."

"मॅनेजर म्हणते, उपटून टाक आणि नीळ लाव. काय करू, आई?"

रेखा गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला अजून सलतं.

ऋजुतानं भात उपटला. उपटताना रडणं ऐकू आलं, म्हणते. एका माणसाचं नव्हे... पुष्कळांचं.

या वेळी नीळ तरारून आली. नोकरी टिकली.

तेव्हापासून रेखा रोज दुपारी भाताचं एक ताट जास्त वाढते. संध्याकाळी भात तसाच असतो. शीतसुद्धा हललेलं नसतं.

फक्त ताट दारापाशी सरकवलेलं असतं... आणि काठावर निळी बोटं.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे होते. ते ताट मीच उचललं.

त्या दिवसापासून माझ्या घशाखाली भात उतरत नाही.