तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधली जागा

कंत्राटदाराने जेवणाच्या टेबलावर पूलच्या तळासाठीच्या नमुन्यांचे चार तुकडे मांडले तेव्हा वहिनी वाटाणे सोलत होत्या. वहिनी म्हणजे पोहण्याच्या मास्तरांची बायको. मास्तरांनी घरामागच्या पूलमध्ये अर्ध्या वसाहतीला पोहायला शिकवलं होतं, आणि ती सगळी पोरं त्यांना वहिनी म्हणायची. कंत्राटदारही त्यातलाच. लहानपणी काठाला घोरपडीसारखा चिकटून बसायचा, मास्तरांनीच त्याला ढकललं होतं.

"हे साधं पांढरं प्लास्टर," तो एकेक तुकडा पुढे सरकवत म्हणाला. "दिसतं छान, पण चार-पाच वर्षांत खरखरीत होतं. हे खडे घातलेलं. जन्मभर टिकेल, पण तळव्यांना टोचतं. ही बारीक टाइल, दिसायला राणी, फक्त सांध्यांत शेवाळ धरते. आणि हे फायबर. लोण्यासारखं. पण वयस्क माणसाचा पाय सटकला की संपलं."

"सटकायला आधी पाय उचलावा लागतो रे," चाकांच्या खुर्चीतून मास्तर म्हणाले. कोणी हसलं नाही.

मास्तरांच्या कण्यातली गाठ काढली होती. गाठ गेली आणि जाताना गुडघ्याखालची सगळी जाणीव घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात चालवा, रोज चालवा. थंडी संपेपर्यंत पाय बोलले तर बोलले, नाहीतर ही खुर्ची कायमची. आणि घरचा पूल तर ते आजारी पडल्यापासून कोरडा पडलेला, तळाचं प्लास्टर पापडासारखं सुटलेलं. म्हणून ही सगळी घाई.

वहिनींनी तुकड्यांवरून बोटं फिरवली. उभा जन्म त्यांनी तपासणीच्या लॅबमध्ये काढला होता. थुंकी, पू, लघवी, जे काही माणसाच्या अंगातून बाहेर पडतं ते सगळं त्यांनी डबीचं झाकण उघडून नाकासमोर धरलेलं, आणि नंतर त्याच टेबलापासून चार पावलांवर बसून डबा खाल्लेला. "हिला किळस विकत आणून द्यावी लागेल," असं मास्तर चारचौघांत चिडवायचे.

"टेबलावर बघून ठरवू नका," कंत्राटदार म्हणाला. "मी तळालाच चार चौकोन लावतो, घोटाभर पाणी सोडतो. जो रोज उतरणार त्याने अनवाणी उभं राहायचं, डोळे मिटायचे. तळवा म्हणेल ते फायनल. माझ्याकडे हीच पद्धत आहे."

"चालेल," मास्तर लगेच म्हणाले. त्यांना बऱ्याच दिवसांनी कोणीतरी काही विचारलं होतं. कंत्राटदाराला स्वतःची चूक दारातल्या पायऱ्या उतरताना कळली असावी, कारण तो मध्येच थांबला होता. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि तुमचे तळवे मेलेत हो, असं मास्तरांच्या तोंडावर सांगणार कोण? वहिनींनी वाटाणे पुढे सोलायला घेतले.

चौकोन वाळल्यावर एका सकाळी कंत्राटदार आणि त्याचा मिस्त्री यांनी मास्तरांना काखेत हात देऊन खाली उतरवलं. पहिल्या चौकोनावर मास्तर म्हणाले, "बरं आहे." दुसऱ्यावर, "हेही वाईट नाही." तिसऱ्यावर त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. वहिनी काठावरून बघत होत्या. माणूस धडधडीत खोटं बोलत होता, आणि चांगलं बोलत होता.

तिसऱ्यावरून चौथ्याकडे नेताना त्यांचे पाय मधल्या जागेवरून फरफटत गेले आणि मास्तर ताठ झाले.

"थांब. हे. हे घे."

"कुठलं मास्तर? इथे काहीच लावलेलं नाही. जुनं प्लास्टर उडालेली जागा आहे ही."

"ऊब लागतेय मला," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा वाकला.

वहिनींनी तो वाकताना पाहिला. त्या चपला टाकून तशाच पाण्यात उतरल्या, रडत होत्या, हसत होत्या, काय करत होत्या त्यांनाच ठाऊक. मग लॅबची सवय म्हणा, त्यांनी वाकून त्या जागेवर हात ठेवला. पाणी गार होतं. खालची जागा गार नव्हती.

शेवाळ नव्हतं ते. शेवाळ त्या ओळखत होत्या. हे मऊ होतं, ओलं होतं, बोट दाबलं की आत जायचं आणि बोट उचलायच्या आधीच परत वर यायचं. त्यांनी हात झटकन काढून घेतला आणि टॉवेलला पुसला. दुपारी ताटावर बसल्या तर बोटांना वास येत होता, झोपून उठलेल्या, तोंड न धुतलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा. साबणाने धुतलं, लिंबू चोळलं, तरी घास काही उतरला नाही. शी! स्वतःचाच हात त्यांनी टेबलाखाली लपवून ठेवला.

मास्तर मात्र जेवले. मागून घेऊन जेवले.

त्यानंतर रोज सकाळी तोच हट्ट, मला तिथे न्या. व्यायाम शिकवणारी बाई यायची, ती थक्क. अंगठ्यामागून बोटं हलली, बोटांमागून घोटा. "तुमच्या पूलमध्ये जादू आहे," ती हसून म्हणाली, पण स्वतः काठावरूनच शिकवायची, पाण्यात उतरायची नाही. वास येतो म्हणाली नाही. रुमाल नाकाला असायचा.

आणि ती जागा वाढत होती. कडेचं जुनं प्लास्टर आपोआप सुटायचं, जखमेवरची खपली सुटते तसं, आणि खाली फिकट गुलाबी, ओलसर, बारीक सुरकुत्यांचं काहीतरी दिसायचं. तिसरा चौकोन निखळला. मग चौथा. वहिनींनी पानं काढायच्या जाळीने ते तुकडे काढले तर त्यांच्या मागच्या बाजूला चिकट तारा लोंबत होत्या. त्यांनी जाळीसकट ते कचऱ्यात टाकलं.

कंत्राटदार विचारायला आला, "काय ठरलं मग? टाइलची गाडी मागवू?" वहिनींनी बोटानेच तळ दाखवला. तो खाली उतरला, हातोडीने ठोकून पाहिलं. टणक आवाज आला नाही. थप्प, असा आला.

"ओल धरलीय," तो म्हणाला. "उकरून काढू." त्याने छन्नी लावली आणि घाव घातला.

तळाची ती सगळी पट्टी आत ओढली गेली. गोगलगायीला काडी लावल्यावर ती आखडते ना, तशी. घोटाभर पाण्यावर थरथर उठली आणि थांबली.

कंत्राटदाराने छन्नी पिशवीत ठेवली, पाय पुसले, पायरीवर बसला. लहानपणी काठावर बसायचा तसाच दिसत होता. "ओल आहे," तो परत म्हणाला, "ओलच आहे, वहिनी," आणि चहा न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी लाकडी चपटी काडी घेतली, तळावरून खरवडून काचेवर पसरलं आणि थेट जुन्या लॅबमध्ये गेल्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथे मुख्य होती. तिने रंग घातला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि हसली.

"मॅडम, कोणाच्या तोंडातलं आणलंत? गालाच्या आतल्या पेशी आहेत. एकदम ताज्या. चूळ भरायला तरी सांगायचं, अन्नाचे कण आहेत सगळीकडे."

वहिनींनी तिला बाजूला सारून स्वतः डोळा लावला.

"आणि हे जाड पापुद्रे कसले? माणसाच्या टाचेचे असतात तसे. मिसळले असतील कुठूनतरी."

त्या लॅबच्या बेसिनमध्ये वहिनींना ओकारी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुलीने पाठ चोळून दिली, "मॅडम, तुम्ही?" असं परत परत विचारत राहिली.

घरी येऊन त्या मास्तरांना म्हणाल्या, "उद्या सिमेंट ओतायला सांगतेय. टाइल नको, फायबर नको, नुसतं सिमेंट. दवाखान्याच्या पूलमध्ये जाऊ आपण."

मास्तरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"माझं अंग इथे संपतं," त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "तिथे उतरलो की मला पाय असतात. तुला ओतायचंय तर ओत. पण आधी मला तिथे उभा कर, आणि मग ओत."

"अहो, ते काय आहे तुम्हाला माहितेय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तुला माहितेय?"

वहिनी आत गेल्या. रडल्या. मग त्यांनी कंत्राटदाराला फोन लावला.

"कुठलंच फिनिश नको."

"वहिनी, मग तळ उघडा राहील."

"राहू दे."

त्याने कारण विचारलं नाही. पुन्हा तो त्या गल्लीत दिसलाही नाही. राहिलेलं प्लास्टर काढायला कोणाची गरज पडली नाही. ते आपापलंच सुटलं.

पूल कमरेइतका भरला. वहिनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून मास्तरांचा हात धरायला उतरायच्या. पाणी बुटात शिरायचं, कोमट, किंचित बुळबुळीत. तळ बुटांना चिकटायचा, प्रत्येक पावलाला पचक् असा आवाज व्हायचा. त्या दात आवळून वर आकाशाकडे बघायच्या. मास्तर खाली बघायचे आणि हसायचे.

"आता हात सोड," एका सकाळी मास्तर म्हणाले.

वहिनींनी सोडला. सुटका झाल्यासारख्या वर आल्या, बूट काढले, पाय घासले. वळून पाहिलं तर मास्तर एकटे चालत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पायऱ्यांशी आले. कठड्याला धरून एकेक पायरी चढले आणि वर आल्यावर त्यांनी कठडाही सोडला.

स्वतःच्या पायांवर उभे होते मास्तर. डोळ्यांत पाणी, चेहरा पोरासारखा.

वहिनी धावतच टॉवेल घेऊन गेल्या. एवढ्याचसाठी तर सगळं सोसलं होतं. त्या त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि थांबल्या.

लग्नापासून त्या या माणसाच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी बोलत आल्या होत्या. तोंड बघायचं तर मान वर करावी लागायची.

आता मास्तरांचे डोळे सरळ समोर होते. बरोबर रेषेत.

वहिनींनी खाली पाहिलं. गुडघ्याखालचे पाय वीतभर आखूड झाले होते. दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकलेली. दहा बोटं, दहा नखं. कुठे ओरखडा नाही, रक्त नाही. टाचा गुलाबी, नितळ, तान्ह्या बाळाच्या असतात तशा.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. "अगं, चाललो मी!"

"हो," वहिनी म्हणाल्या. "चाललात."

"संध्याकाळी परत उतरतो."

न धुतलेल्या तोंडाचा तो वास मास्तरांच्या अंगाला येत होता. वहिनींनी श्वास रोखला, टॉवेल उलगडला आणि त्यांचे पाय पुसायला खाली बसल्या.

"सावकाश उतरा," त्या म्हणाल्या. "घाई नाही."