कॉरेलाला मारलेली हाक

ये, बस. दिवा राहू दे तसाच, हे मी काळोखात सांगत नाही.

पोस्टातून एक पार्सल आणायला गेले होते, सुरुवात एवढीच. क्लेमसाठी मी नवा लॅपटॉप मागवला होता. त्याचा वाढदिवस वगैरे काही नव्हता. मला जुना लॅपटॉप घराबाहेर काढायचा होता.

जुना ग्लेंडाचा, क्लेमच्या पहिल्या बायकोचा. ती जाऊन कैक वर्षं झाली, पण रोज संध्याकाळी जेवण झालं की हा पठ्ठ्या तिच्या लॅपटॉपपुढे बसणार, तिनं काढलेले पक्ष्यांचे फोटो बघत गालात हसणार, आणि मी चहाचा कप धरून शेजारी उभी! जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. मेलेलीशी काय भांडणार? ती ना म्हातारी होते, ना तिचं काही चुकतं. जळायचे मी. त्यात लपवायचंय काय?

आमच्या या खाणींच्या गावात, ब्रोकन हिलला, लिनक्सवाल्यांचं मंडळ आहे, तेही ग्लेंडानंच जमवलेलं. नव्या यंत्रात विंडोजऐवजी ती फुकटातली लिनक्स प्रणाली घालताना त्याचं बारसं करायचं ही त्यांची रीत, कारण घरातली यंत्रं एकमेकांना नावानंच हाका मारतात. ग्लेंडा पक्ष्यांची नावं ठेवायची. जुन्या लॅपटॉपचं नाव कॉरेला. आमच्याकडे कॉरेला म्हणजे दिवसभर कलकलाट करणारा पांढरा पोपट. शोभायचं तिला.

"नवा नीट चालला तर जुना मी स्वतः कचऱ्यात टाकतो, शपथ," क्लेम म्हणाला होता. तेवढ्या शब्दावर मी कंबर कसली.

शनिवारी दुपारी तो क्लबाच्या हिरवळीवर बोल्सचे गोळे घरंगळवायला गेला. मी आधी कॉरेलाची बॅटरी उपसून काढली, दोन्ही खोक्यात कोंबून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. मग नव्याला लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बसले, तर पडदा काळाठिक्कर. शेवटी मंडळातल्या झोरानला फोन केला. खाणीतला जुना वायरमन तो.

"मार्लीन? तू आणि लिनक्स? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा!"

"दात काढू नकोस. पडदा काळा पडलाय."

"यंत्र फार नवं आहे, लिनक्सला त्याचा पडदा ओळखता येत नाहीये. सुरू होताना मी सांगतो तो शब्द टाक."

टाकला, आणि उजेड पडला. यंत्रानं नाव विचारलं तेव्हा मी माझंच ठोकून दिलं, मार्लीन. पासवर्ड ठेवला माझ्या आईच्या गावाचा. क्लेमला तो ठाऊक नव्हता, आणि मी सांगणारही नव्हते. रोज संध्याकाळी त्यानं आधी मला हाक मारावी, मग मी येऊन उघडून देईन, असा माझा बेत.

तोवर बाहेर वारा सुटला होता. पश्चिमेकडून लाल धुळीची भिंत चालून आली आणि भरदुपारी खोली आधी तांबडी, मग काळी झाली. मी दिवा लावला. दारं बंद असूनही तोंडात गंजाची चव येत होती. वायफाय काही केल्या लागेना, म्हणून झोराननं फोनची केबल जोडून काहीतरी उतरवून घ्यायला लावलं. तेव्हा कुठे ते लागलं.

"आता घरातल्या एखाद्या यंत्राला हाक मारून बघ," तो म्हणाला. "उत्तर आलं की शेजारी आकडा दिसेल. आकडा मोठा तर यंत्र लांब, लहान तर जवळ."

मला खोडी सुचली. मी लिहिलं, कॉरेला. म्हटलं, बघू या बाईसाहेब गप्प कशा बसतात.

उत्तर आलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं.

"झोरान... बॅटरी काढलेला लॅपटॉप उत्तर देतो का रे?"

"चल, काहीतरीच. दुसरं कुठलं तरी यंत्र असेल."

"आकडा कमी कमी होतोय..."

"किती झाला?"

मी सांगितला. त्यानं तो मला पुन्हा एकदा वाचायला लावला.

"मार्लीन... यंत्र स्वतःलाच हाक मारतं ना... तेव्हा इतका कमी येतो."

मी वायफायच्या डबीची वायर उपटली, फोनची केबलही ओढून काढली. उत्तरं येतच राहिली. तोंडाला फडकं बांधून शेडमध्ये धावले. खोकं जसंच्या तसं होतं, बॅटरी बाजूला. मी झाकणाला हात लावला. उन्हाळ्यात तापलेल्या त्या पत्र्याखाली कॉरेला गार पडली होती.

परत आले तर पडदा शांत. नवा लॅपटॉप माझ्या पासवर्डची वाट बघत बसलेला.

धूळ ओसरल्यावर क्लेम आला आणि बूटसुद्धा न काढता त्याच्यापुढे बसला.

"थांब, पासवर्ड मी..." म्हणेपर्यंत त्यानं टाईप केलाही. उघडलं.

"तुला कुणी सांगितला?"

"सांगायचं काय त्यात? कॉरेलावरचा नेहमीचाच तर आहे." त्याची मान वरसुद्धा झाली नाही. तो गालात हसत होता.

कॉरेलाला त्यानं दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात टाकलं, शीळ घालत. शब्दाचा पक्का माणूस.

तो घरात नसला की मी माझा पासवर्ड टाकून बघते. चुकीचा आहे म्हणतं. परवा मी फोनवरून त्या लॅपटॉपला हाक मारली, मी ठेवलेल्या नावानं. मार्लीन नावाचं इथे कुणी नाही, असं उत्तर आलं.

ऐकलंस? आत क्लेम हसतोय. बस जरा, इतक्यात जाऊ नकोस.