धन्यांसमोर दिलेला होकार

समोरून लमारा येताना दिसली आणि वार्लाम चहाच्या मळ्यात शिरून लपायच्याच बेतात होता. वर्षभर दोघांचा अबोला. मागच्या द्राक्षसुगीच्या जेवणावळीत तिने चाळीस पाहुण्यांदेखत त्याच्या खर्जाला ‘म्हशीचा हंबरडा’ म्हटलं होतं. त्यावर तो जे बोलला... ते न सांगितलेलंच बरं!

पण आज ती थेट त्याच्यापुढे येऊन थांबली. आणि चक्क हसली.

“तेक्लेला गोवर आलाय. आई म्हणते, घरी धनी आलेत.”

जॉर्जियातल्या या गुरिया प्रांतात गोवराला कोणी नुसतं दुखणं म्हणत नाही. ते अदृश्य धनी, लेकराच्या अंगात मुक्कामाला उतरलेले. ते असेपर्यंत घरात भांडायचं नाही, रडायचं नाही, कुणाला ‘नाही’ म्हणायचं नाही. रोज गोड गाऊन त्यांची मर्जी राखायची.

“मग... मी काय करू?”

“आई वरचा सूर लावते, मी मधला. दादा बटुमीला बंदरावर. लेक त्याची आजारी आणि खर्जाला कोणी नाही.”

“म्हशीचा हंबरडा चालेल?”

“धन्यांना चालेल,” ती म्हणाली. “मीही... चालवून घेईन.”

वार्लामचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

संध्याकाळी तेक्लेच्या खाटेवर लाल कापड टांगलेलं, उशाशी गुलाब. तिघं गायला बसले. गाणं संपलं आणि वार्लामला एकदम उमगलं, की आज ही आपल्याला वाकडं बोलूच शकत नाही! मग काय, स्वारीला चेव चढला.

“लमारा, आवाज कसा लागला माझा?”

“मधासारखा,” ती दातओठ खात हसली.

“आणि मी दिसतो कसा?”

“बरा.”

“नुसता बरा? धनी ऐकतायत हं...”

“राजबिंडा! झालं समाधान?”

तिची आई, देसपिने काकू, डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवून हसत होत्या.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र त्याची थट्टा पार विरून गेली. शेवटच्या सुराला तिचा आवाज त्याच्या आवाजावर येऊन टेकला, आणि या मुलीशिवाय आपलं काही खरं नाही, हे त्याला लख्ख कळलं. कळलं ते तोंडातून बाहेरही पडलं.

“लमारा... माझ्याशी लग्न करशील?”

देसपिने काकूंच्या हातातली मक्याची भाकरी खाली पडली. लमारा कानापर्यंत लाल झाली.

“हो,” ती म्हणाली.

वार्लाम टोपी तिथेच टाकून पळाला.

सकाळपर्यंत गावभर झालं. ‘बिचारी! नाही कशी म्हणणार?’ जो तो हळहळत होता. वार्लामला तर चोरी केल्यासारखं झालं. असला होकार काय कामाचा? त्याला ती हवी होती, पण तिच्या मनाने. तो काळजावर दगड ठेवून तिच्या दाराशी गेला.

“लमारा, फाटकाबाहेर ये. इथलं धन्यांना ऐकू जात नाही. तू मोकळी आहेस... म्हण नाही.”

ती बाहेर आली. “डॉक्टर येऊन गेले आत्ता. गोवर नाहीच तो. स्ट्रॉबेरी बाधली तिला.”

“म्हणजे... धनी आलेच नव्हते?”

“नाही.”

“आणि हे तुलाही आत्ताच कळलं?”

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. “पहिल्याच दिवशी. टोपलीभर मीच चारल्या होत्या. गेल्या साली असंच पुरळ उठलं होतं तिच्या अंगावर.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“बोलले असते तर आला असतास तू?”

वार्लाम मटकन रस्त्यावरच बसला.

“त्या घरात ‘नाही’ म्हणायची मोकळीक फक्त मला होती, वार्लाम,” ती त्याच्यासमोर उकिडवी बसत म्हणाली. “आणि मी काय म्हणाले?”

“हो... म्हणालीस.”

“मग ऊठ की! लग्नाचं बघ.”